अकराशे शब्द गेले, चारशे राहिले: शब्दसंग्रहाचं ॲप आणि नंतर अँकी

मोबाइल बदलला आणि ॲपमध्ये साठवलेले माझे अकराशे इंग्रजी शब्द गेले. वर्षाचे १,४९९ रुपये एकरकमी भरलेले, आठ महिने वापरलं, चार महिने बाकी. मदतीसाठी तीनदा लिहिलं, तिन्हीदा तेच उत्तर: ॲप काढून पुन्हा टाका. पैसेही परत नाहीत. फार चिडलो होतो.

उच्चार ऐकायची सोय त्यात छान होती, ते मान्य. पण एका शब्दापुढे एकच मराठी अर्थ आणि वाक्य कुठेच नाही, हे मला अजून सलतं. 'ओव्हरसाइट' म्हणजे 'देखरेख', एवढंच तिथे होतं. मी अकाउंट्समध्ये आहे. परदेशी ग्राहकाचा मेल आला की आमचं बिल 'ड्यू टू ॲन ओव्हरसाइट' राहिलंय. मी साहेबांना सांगितलं, बिल त्यांच्याकडे तपासणीत आहे. ते बिचारे नजरचूक झाली म्हणून कळवत होते! एक आठवण पाठवली असती तर काम झालं असतं. आम्ही वीस दिवस थांबून राहिलो.

'सँक्शन'चंही तसंच. बँकेने लोन सँक्शन केलं म्हणजे मंजुरी, देशावर सँक्शन्स लादले म्हणजे निर्बंध. प्रस्ताव 'टेबल' करणं म्हणजे ब्रिटिश इंग्रजीत चर्चेला घेणं आणि अमेरिकेत बाजूला ठेवणं. एका शब्दाच्या अर्थाने यातलं काय कळणार?

गेले चार महिने अँकी वापरतोय. हे प्रश्नोत्तराच्या कार्डांचं ॲप: कार्डाच्या पुढे प्रश्न, मागे उत्तर, आणि ते ठरावीक दिवसांनी उजळणीला पुन्हा समोर येतं. अँड्रॉइडवर आणि कॉम्प्युटरवर फुकट, आयफोनवर मात्र पैसे पडतात. दिसायला रुक्ष. रोज २० नवी कार्डं हे सेटिंग मी तसंच ठेवलं, आणि तिसऱ्या आठवड्यात रोजची उजळणी दीडशेवर गेली. तेव्हा हेही सोडणार होतो. नवी कार्डं सातवर आणली, मग जमायला लागलं. आता सकाळी लोकलमध्ये पंधरा मिनिटांत आटपतं.

कार्डं मी स्वतः बनवतो. पुढे ऑफिसच्या मेलमधलं अख्खं वाक्य, मागे त्या वाक्यापुरता मराठी अर्थ. 'ओव्हरसाइट'ची दोन कार्डं आहेत. १८८५ मध्ये हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने विसरण्यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं, हे त्याने स्वतःवर प्रयोग करून दाखवलं, आणि त्यासाठी मुद्दाम निरर्थक अक्षरजोड्या घेतल्या. वाक्याशिवाय शब्द घोकताना मी आठ महिने जवळजवळ तेच करत होतो. त्यामुळे अकराशे शब्द गेल्याचं आता तेवढं वाटत नाही. ते माझे झालेच नव्हते.

अँकीत एखादं कार्ड आठ वेळा विसरलं की त्यावर 'लीच' असा शिक्का बसतो. लीच म्हणजे जळू. माझी जळू होती 'कंटिन्जंट'. जुन्या ॲपमधला 'आकस्मिक' हा अर्थ मी तसाच उचलला होता आणि तो कुठल्याच मेलमध्ये बसेना. शेवटी दोन कार्डं केली: 'पेमेंट इज कंटिन्जंट ऑन अप्रूव्हल', म्हणजे मंजुरीवर अवलंबून, आणि ताळेबंदातली 'कंटिन्जंट लायबिलिटी', म्हणजे संभाव्य देणं. त्यानंतर एकदाही चुकलो नाही.

सध्या चारशे दहा कार्डं झालीत. दर रविवारी त्यांची फाइल काढून स्वतःलाच मेल करून ठेवतो.