स्टॉक मापात करून घेताय? आधी ठरवा: ४.५ की पॉइंट टू-टू

रायफलचा स्टॉक, म्हणजे खांद्याला टेकवायचा दस्ता, आपल्या हाताच्या, खांद्याच्या मापाने बनवून घ्यायचा असं एकदा ठरलं की पुढचा प्रश्न दारातच उभा असतो. त्यात बसवायचं काय? हवेच्या दाबावर छर्रे मारणारी ४.५ मिलिमीटरची एअर रायफल, की काडतुसाची पॉइंट टू-टू (.२२)? गेल्या दोन महिन्यांत तिघांनी मला हेच विचारलं. मी आधी पॉइंट टू-टू बनवून घेतली, तीन वर्षं वापरली आणि मग एअर. त्यामुळे जे सांगतोय ते माझ्या खांद्यावरून गेलेलं आहे. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

एअरमध्येच ५.५ मिलिमीटर घेण्याचा विचार असेल तर तो इथेच सोडा. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे नळी ४.५ पेक्षा मोठी असली किंवा ऊर्जा २० ज्यूलच्या वर गेली की एअर रायफललाही परवाना लागतो. शिवाय १० मीटरच्या स्पर्धेत ५.५ चालतच नाही. परवान्याची खटपट करायचीच असेल तर ती पॉइंट टू-टूसाठी करावी.

पॉइंट टू-टूबद्दल माझ्या मनात आजही ओढ आहे, हे आधी कबूल करतो. चटईवर आडवं पडून, पट्टा दंडाला घट्ट ओढून ५० मीटरवरचा काळा गोल बघत राहणं, यासारखी शांतता मला दुसरीकडे मिळालेली नाही. वाऱ्याची झेंडी हलते, तुम्ही थांबता, ती पुन्हा आधीसारखी होते, मग गोळी जाते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे आडवं पडून मारायच्या प्रकारात, जगज्जेत्या झाल्या. स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, आडवं आणि उभं) कांस्यपदक आणलं. आपल्या भागातल्या पोराला पॉइंट टू-टूचं वेड लागलं तर त्यात नवल काही नाही.

मी शिसवी लाकडाचा स्टॉक करून घेतला. लाकूडकाम आपल्या सुताराचं. बॅरल (नळी) आणि अॅक्शनला (गोळी भरून उडवणाऱ्या यंत्रणेला) मात्र परवानाधारक कारागिराशिवाय कोणाचा हात लागू द्यायचा नाही, हे पाळा. गालाची पट्टी तीनदा खरवडून घेतली तेव्हा कुठे डोळा आपोआप साईटच्या मागे यायला लागला. रायफल सुरेख झाली.

त्रास सुरू झाला तो काडतुसांचा. पॉइंट टू-टूच्या प्रत्येक बॅरलला काडतुसांचा एखादाच लॉट, म्हणजे एका खेपेत बनलेला माल, मानवतो. कंपनी तीच, डबी तीच, पण लॉट नंबर बदलला की कागदावरचं चित्र बदलतं. पहिल्या वर्षी मला योगायोगाने चांगला लॉट लागला. टेबलावर रायफल टेकवून मारलेल्या दहा गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जायच्या. तो लॉट डिसेंबरात संपला. दुकानदार म्हणाला, मालात काही फरक नाही, बिनधास्त घेऊन जा. मी घेतला.

पुढचे चार महिने मी स्वतःला खात राहिलो. नऊ गोळ्या एका जागी आणि दहावी खाली डावीकडे, आठच्या रिंगमध्ये. ५० मीटरवर दहाची रिंग १०.४ मिलिमीटरची असते, त्यामुळे आठ म्हणजे चांगलीच बाहेर. ट्रिगर ओढला गेला का? श्वास चुकला? वाऱ्याची झुळूक दिसली नाही? सुधारणा करायची तर चूक कोणाची ते कळायला हवं. इथे माझी की काडतुसाची, हेच कळेना. शेवटी दुसऱ्या एकाकडच्या वेगळ्या लॉटच्या वीस गोळ्या मारून बघितल्या. ती एकटी पडणारी गोळी गेली. चार महिने मी जो हात सुधारत होतो, त्यात बिघडलेलं काही नव्हतंच.

चांगला लॉट सापडला की पाच हजार घेऊन ठेवा, असा सल्ला तुम्हाला मिळेल. तो बरोबरच आहे. पण परवान्यावर काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते, आणि सोलापुरात बसून चार लॉट चाचणीला मागवणं मला तरी जमलं नाही. त्यात ५० मीटरच्या सरावासाठी मी पुण्याच्या बालेवाडी रेंजवर जायचो. अडीचशे किलोमीटर जायचं, साठ गोळ्या मारायच्या आणि मनात शंका घेऊन परत यायचं. या एका गोष्टीने माझा निर्णय झाला. परवाना, खर्च, प्रवास हे सगळं मी सोसलं असतं.

एअरमध्ये हा प्रश्न अगदीच नाही असं नाही. छर्ऱ्याच्या डोक्याचं माप ४.४९, ४.५०, ४.५१ असं असतं आणि बॅरलला त्यातलं एक आवडतं. पण छर्ऱ्यांना परवाना नाही. तीन मापांच्या डब्या आणल्या, एका रविवारी मारून बघितल्या, आणि जमलेल्या लॉटच्या पाचशेच्या बारा डब्या एकदम घेऊन कपाटात ठेवल्या. त्या वेळी पॉइंट टू-टूच्या मॅचच्या एका चांगल्या काडतुसाच्या पैशात मला दहाएक छर्रे पडायचे. तेव्हापासून नऊ पडला तर तो माझा नऊ. हे फार मोठं सुख आहे.

जागाही घराजवळ मिळाली. सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या शेजारच्या अण्णांची पॉवरलूमची शेड आहे, माग विकून टाकल्यापासून रिकामी. दार आतून बंद केलं की वारा नाही, माणूस नाही. मे महिन्यात पत्रा तापतो, म्हणून पहाटे साडेपाचला जातो.

एअरच्या तक्रारीही सांगतो. छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने निघतो, पॉइंट टू-टूच्या गोळीच्या जवळजवळ निम्म्या वेगाने. तो नळीत रेंगाळतो, म्हणून ट्रिगरनंतरही रायफल धरून ठेवावी लागते. डोकं लगेच वर उचललं की शिक्षा होते. दुसरं, २०० बार दाबाचा हवेचा सिलिंडर. हातपंपाने भरताना घाम निघतो. जुनी रायफल घेणार असाल तर सिलिंडरवरची तारीख आधी वाचा, दहा वर्षांच्या पुढचा सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि वापरूही नये. भरलेला सिलिंडर आपल्या उन्हात गाडीत ठेवू नका.

स्टॉक बनवणाऱ्यासाठी सगळ्यात कामाची गोष्ट वजनाची. पॉइंट टू-टूला ८ किलोपर्यंत मुभा आहे, एअरला ५.५. म्हणजे एकाच स्टॉकमध्ये दोन्ही चालवू हा विचार लाकूड कापायच्या आधीच बाजूला ठेवा. माझा शिसवी स्टॉक एअरला जड झाला. दुसरा अक्रोडाचा केला, आतून कोरून.

ज्याच्या घराजवळ ५० मीटरची रेंज आहे, लॉट तपासायची सोय आहे आणि ज्याचा उभं राहून मारण्याचा स्कोअर बसलेला आहे, त्याने पॉइंट टू-टू जरूर घ्यावी. त्याला मी अडवणार नाही. बाकीच्यांनी निदान पहिली दोन वर्षं ४.५ वर काढावीत असं मला वाटतं. माझी पॉइंट टू-टू अजून आहे. वर्षातून दोनदा तिला पुण्याला नेतो.

४.५ ठरवलीत तर स्टॉकच्या आधी जागा मोजा. उभं राहायच्या रेषेपासून टार्गेटपर्यंत १० मीटर, तुमच्या मागे दीड मीटर आणि टार्गेटचा मध्य जमिनीपासून १ मीटर ४० सेंटिमीटर. टार्गेटच्या मागे पोलादी पत्रा लावा, आणि शिशाचे हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला लावू नका.