फळीला भोक पडलं आणि मी पैसे मोजले

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं नेमबाजीत ब्राँझ मेडल घेतलं आणि आमच्या घरात रायफलीचा हट्ट सुरू झाला. पोरगा तेरा वर्षांचा. स्वप्निलचा प्रकार ५० मीटरचा, त्याची रायफल परवान्याची. पण सुरुवात १० मीटरच्या एअर रायफलनं करायची असते, हे पोरानंच मोबाईलवर बघून मला शिकवलं. मी शिरोली एमआयडीसीत लेथवर असतो. दहा हजारांच्या वर जायची ताकद नव्हती. तेवढ्यात बसेल ती घ्यायची, असं ठरवून बापलेक निघालो.

दुकान दुसऱ्या जिल्ह्यातलं, नाव लिहीत नाही. दुकानदारानं तीन एअर रायफली काढल्या. पहिल्या दोघींना त्यानं स्वतःच नावं ठेवून बाजूला सारलं, तेव्हा मला माणूस फार प्रामाणिक वाटला. तिसरीच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘१२०० फूट प्रति सेकंद’, सोबत दुर्बीण फुकट. “बॅरल इम्पोर्टेड आहे साहेब. लायसन लागत नाही, आधारची झेरॉक्स द्या आणि घेऊन जा.”

मागच्या बोळात पाव इंची प्लायची फळी टेकवलेली होती. त्यानं नळी मोडली, म्हणजे बिजागरीवर खाली वाकवली, कुपीतून मागच्या भोकात तेलाचे दोन थेंब सोडले, छर्रा घातला आणि चार पावलांवरून घोडा ओढला. फटाक्यासारखा आवाज झाला. नळीतून निळसर धूर आला, फळी आरपार. पोरानं माझ्याकडे बघितलं. मी ९,८०० रुपये मोजले. बिल मागितलं तर वहीतल्या कागदावर आकडा लिहून सही करून दिली.

घरी पहिले तीस-चाळीस छर्रे मजेत गेले. तेल दर दहा बारांना घालायचं असं सांगितलं होतं, मी घालत होतो. रविवारी नळी मोडताना आतून खरखर ऐकू आली. त्यानंतर छर्रा फळीत नुसता रुतू लागला आणि एक तर उलटा येऊन पोराच्या पायाशी पडला. डोळ्यांवर चष्मा कुणाच्याच नव्हता. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

मग नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेलो. खरं तर आधी तिथंच जायला पाहिजे होतं. कोच मॅडमनी नळी मोडून नुसता वास घेतला आणि विचारलं, “तेल कुणी घातलं?”

त्यांनी सांगितलं ते असं. स्प्रिंगच्या रायफलीत पिस्टन हवा इतक्या जोरानं दाबतो की ती तापते. तिथं तेल असलं की ते डिझेल इंजिनासारखं पेट घेतं. एका-दोन बारांना छर्रा जास्त वेगानं जातो, पण त्या भडक्यानं पिस्टनचा वॉशर जळतो आणि स्प्रिंगवर ताण येतो. आमची उघडली तेव्हा वॉशर काळा पडलेला आणि स्प्रिंगचे दोन तुकडे. म्हणजे दुकानात फळी फोडली ती तेलाच्या भडक्यानं.

पुढचं जास्त लागलं. मॅडमनी साफ करायच्या गजानं एक छर्रा नळीतून हळूच ढकलून बाहेर काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. त्याच्यावर खाचांच्या खुणा उठायला पाहिजेत. एकही नव्हती. नळी आतून पाण्याच्या पाइपासारखी गुळगुळीत. छर्र्याला फिरकी देणाऱ्या खाचांमुळेच तर तिला रायफल म्हणायचं! मी वीस वर्षं लोखंडात आटे पाडतोय आणि नळीत एकदा टॉर्च मारून बघितलं नाही.

स्प्रिंग बदलून १० मीटरवरून पाच बार काढले. नेम धरायच्या कार्डावरचा काळा गोल तीस मिलिमीटरचा, त्यातला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. आमची पाच भोकं चहाच्या बशीएवढ्या जागेत विखुरली होती.

खोक्यावरच्या आकड्याचा हिशोब मॅडमनी पाठकोऱ्या कागदावर केला. १२०० फूट म्हणजे सेकंदाला ३६६ मीटर. अर्ध्या ग्रॅमच्या नेहमीच्या छर्र्याला हा वेग दिला तर ऊर्जा होते ३३ ज्यूल. आपल्याकडे विनापरवाना मर्यादा २० ज्यूल आणि ४.५ मिलिमीटर. त्याच्यावर गेली की शस्त्र परवाना. म्हणजे आकडा खरा असता तर मी गुन्हेगार, आणि खोटा असेल तर गिऱ्हाईक. वेगमापकावर सेकंदाला १३० मीटर आले. बरं, १० मीटरच्या खेळाला मोठा वेग लागतही नाही. मॅचच्या रायफलींचा १७०-१७५ च्या आसपास असतो.

दुकानदाराकडे परत गेलो. “तेल तुम्ही जास्त घातलं,” एवढंच म्हणाला. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन लावायचं मनात होतं, पण हातात काय होतं? मॉडेलचं नाव नाही, नंबर नाही, वहीचा कागद.

घ्यायचीच असेल तर फळी बघू नका, कार्ड मागा. तेल न घालता, स्वतःच्या डबीतले छर्रे, १० मीटर, पाच बार. दुकानदार नाही म्हणाला तर चहा पिऊन निघा. जुनी, दाबलेल्या हवेच्या सिलिंडरची मॅच रायफल स्वस्तात मिळत असेल तर आधी सिलिंडरवरची तारीख वाचा. दहा वर्षं उलटली असतील तर ती स्पर्धेत चालत नाही. आणि पोराच्या हातून नळी मोडून बघा. आमच्याला ती दोन्ही हातांनीही मोडत नव्हती, हे मी दुकानात बघितलंच नव्हतं, आणि घरी प्रत्येक वेळी मीच मोडून देत होतो.

पोरगा आता रेंजच्याच रायफलीवर शिकतो, तासाचे पैसे भरून. आमची माळ्यावर आहे. परवा कारखान्यातल्या एकाला कळलं. शेतात माकडं येतात म्हणून तीन हजाराला मागत होता. मी त्याला तेल, वॉशर, गुळगुळीत नळी, सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, “ते असू दे. फळीला भोक पाडती काय?”