सेकुंदारियानंतरचे चार रस्ते : मेक्सिकोतील शिक्षण, रोजगार आणि कागदांविना स्थलांतर

मेक्सिकोत २०२५ साली किमान वेतन दिवसाला २७८.८० पेसो होते. डॉलरचा भाव वीस पेसोंच्या आसपास धरला, तर ही रक्कम चौदा डॉलरच्या घरात जाते. अमेरिकेचे संघीय किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवर अडकून पडले आहे आणि कॅलिफोर्निया राज्याचे वेतन २०२५ मध्ये १६.५० डॉलर होते. म्हणजे मेक्सिकोत आठ तास राबून जे हाती पडते, ते संघीय वेतनच लागू असलेल्या टेक्सासमध्ये दोन तासांत आणि कॅलिफोर्नियात तासाभराच्या आतच मिळते. मिचोआकान, साकातेकास किंवा ग्वानाह्वातो राज्यांतल्या खेड्यांत हा हिशेब कोणाला समजावून सांगावा लागत नाही, कारण तिथे कोणी ना कोणी नात्यातला माणूस पिढ्यान्‌पिढ्या ‘एल नॉर्ते’ला, म्हणजे उत्तरेला, राहत आला आहे.

शिक्षण वाढले, नोकऱ्या वाढल्या की बेकायदा स्थलांतर आपोआप थांबते, असे सरसकट म्हटले जाते. ते कितपत खरे आहे हे तपासायचे असेल, तर प्रश्न मंत्रालयातून न पाहता सेकुंदारिया, म्हणजे आपल्या नववीपर्यंतची शाळा, नुकतीच संपवलेल्या खेड्यातल्या मुलाच्या जागेवरून पाहावा, असे मला वाटते. त्याच्यासमोर ढोबळमानाने चार रस्ते असतात : पुढे शिकणे, जवळच्या कारखान्यात लागणे, हंगामी व्हिसावर शेतमजुरीला जाणे, किंवा कागदांविना सीमा ओलांडणे. प्रत्येक रस्त्यावर पैसा कधी आणि किती मिळतो, धोका किती आहे आणि परतीची वाट उघडी राहते का, एवढेच मोजायचे आहे. सरकारने पैसा कुठे घालावा याविषयी मत बनवू पाहणाऱ्या वाचकालाही याच मोजणीचा उपयोग होईल.

पहिला रस्ता शाळेचा. मेक्सिकोने सेकुंदारिया १९९३ मध्ये सक्तीची केली आणि त्यापुढची तीन वर्षे, ज्यांना तिथे ‘प्रेपा’ म्हणतात, २०१२ मध्ये. दुर्गम गावांसाठी १९६८ पासून तेलेसेकुंदारिया चालतात : वर्गात एक दूरचित्रवाणी संच, त्यावर राजधानीतून प्रसारित होणारा धडा, आणि सगळे विषय सांभाळणारा एकच शिक्षक. ऐकायला ही तडजोड वाटते, परंतु जिथे विषयवार शिक्षक पाठवणे शक्यच नव्हते तिथे याच तडजोडीने लाखो मुलांना नववीपर्यंत आणले. त्याच्या जोडीला १९९७ मध्ये ‘प्रोग्रेसा’ ही योजना आली. मूल ८५ टक्के दिवस शाळेत हजर राहिले तर आईच्या हाती रोख रक्कम, आणि सेकुंदारियापासून पुढे मुलीसाठी मुलापेक्षा थोडी जास्त, असे तिचे स्वरूप होते. नावे बदलत ती दोन दशकांहून अधिक काळ चालली, आणि २०१९ मध्ये तिच्या जागी बेनितो हुआरेस यांच्या नावाच्या शिष्यवृत्त्या आल्या.

तरीही २५ ते ३४ वयोगटातल्या दहापैकी जवळपास चौघांकडे आजही प्रेपाचे प्रमाणपत्र नाही. प्रेपा बहुधा दुसऱ्या गावी असते, रोजचे बसभाडे, गणवेश आणि साहित्याचा खर्च शिष्यवृत्तीत भागत नाही, आणि सोळा वर्षांच्या मुलाची मजुरी घराला तेव्हाच हवी असते. यापेक्षा अवघड प्रश्न त्या प्रमाणपत्राच्या मोलाचा आहे. शिकागोतल्या उपाहारगृहाच्या मागच्या खोलीत भांडी घासणाऱ्याला प्रेपा झाली आहे की नाही, हे कोणी विचारत नाही. म्हणूनच ज्या घरातला माणूस आधीच उत्तरेला आहे, त्या घरातली मुले, विशेषतः मुलगे, शाळा लवकर सोडतात, असे मेक्सिकोतील ग्रामीण कुटुंबांच्या अभ्यासात आढळले आहे. एकीकडे त्याच घरात येणाऱ्या डॉलरमधून फी भरण्याची ऐपत वाढते; दुसरीकडे मुलाच्या डोळ्यांसमोरचे यशाचे चित्र शाळेबाहेरचे असते, आणि बहुतेक वेळा हे चित्रच भारी पडते.

इथे एक गैरसमज दूर करणे गरजेचे आहे. कागदांविना जाणारा मेक्सिकन म्हणजे निरक्षर, अतिगरीब माणूस, ही समजूत अभ्यासांना उतरत नाही. अतिगरिबाजवळ दलालाला द्यायला पैसे नसतात, आणि पदवीधराला मायदेशी त्याच्या पदवीचे जे मोल मिळते ते कागदांविना परदेशात मिळत नाही. जाणारे मोठ्या संख्येने मधल्या पायरीवरचे असतात : थोडे शिकलेले, थोडी ऐपत असलेले. याचा अर्थ असा की तिसरीत शाळा सोडणाऱ्या मुलाला नववीपर्यंत आणणे हे स्वतःपुरते कितीही चांगले काम असले, तरी स्थलांतराच्या दृष्टीने त्या मुलाला नेमक्या त्याच पायरीवर आणून उभे करते जिथून निघणे सर्वांत शक्य असते.

दुसरा रस्ता कारखान्याचा. अमेरिकेने मेक्सिकन शेतमजुरांना करारावर नेणारी ब्रासेरो योजना १९४२ ते १९६४ अशी चालली आणि तिच्या काळात सुमारे ४६ लाख करार झाले. ती बंद पडताच सीमेवर बेकारी वाढेल या भीतीने मेक्सिकोने १९६५ मध्ये सीमाभागात औद्योगिकीकरणाची योजना काढली, आणि त्यातून माकिलादोरा उभ्या राहिल्या : आयात केलेले सुटे भाग जोडून तयार माल परत पाठवणारे कारखाने. गंमत अशी की परतलेल्या शेतमजुरांसाठी काढलेल्या या कारखान्यांनी नोकऱ्या दिल्या त्या प्रामुख्याने तरुण मुलींना, आणि पुरुषांचा ओघ उत्तरेकडे चालूच राहिला, आता करारावाचून.

१ जानेवारी १९९४ रोजी उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करार अमलात आला. त्यामुळे नोकऱ्या येतील आणि माणसे थांबतील, असे मेक्सिको आणि अमेरिका या दोन्ही देशांतील नेते सांगत होते. नोकऱ्या आल्याही, मात्र मुख्यतः उत्तरेकडे आणि महामार्गांच्या कडेने. स्वस्त अमेरिकी मक्याशी स्पर्धा करणे ज्यांच्या वाट्याला आले ते छोटे शेतकरी मध्य आणि दक्षिण मेक्सिकोत होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पेसो कोसळला. पुढची काही वर्षे बेकायदा स्थलांतराची सर्वांत मोठी वर्षे ठरली. २००० साली सीमेवर पकडल्या गेलेल्या मेक्सिकनांच्या नोंदी सोळा लाखांवर गेल्या होत्या.

कारखाना आणि शाळा एकमेकांना पूरक असतात हे गृहीतकही तपासून घ्यावे. निर्यातीसाठी उत्पादन करणाऱ्या कारखान्यांच्या १९८६ ते २००० या काळातील विस्ताराचा एक अभ्यास सांगतो की दर पंचवीस नव्या नोकऱ्यांमागे एका विद्यार्थ्याने बारावीपर्यंत जाण्याऐवजी नववीतच शाळा सोडली. सोळाव्या वर्षी कारखान्याच्या दारात काम मिळत असेल आणि त्या कामाला नववी पुरत असेल, तर आणखी तीन वर्षे वर्गात बसण्याचे कारण मुलाला दिसत नाही. दहा वर्षांनी हा कारखाना हलला, की त्याच्या हाती ना वरचे शिक्षण असते ना नोकरी.

‘मेक्सिकोत कामच नाही’ हे म्हणणे तर उघड चूक आहे. २०२३-२४ मध्ये तिथला बेरोजगारीचा दर तीन टक्क्यांच्या आतबाहेर होता. उणीव कामाची नसून चांगल्या कामाची आहे : निम्म्याहून अधिक कामगार अनौपचारिक क्षेत्रात आहेत, म्हणजे त्यांना नोकरीमार्फत सामाजिक विमा नाही आणि निवृत्तिवेतनही नाही. शिवाय तिथला कामगार वर्षाला सरासरी सुमारे २,२०० तास राबतो, जे विकसित अर्थव्यवस्थांच्या यादीत सर्वांत वरच्या रांगेत बसते. या रस्त्याच्या बाजूने सांगण्यासारखी अलीकडची गोष्ट म्हणजे किमान वेतन. २०१८ मध्ये ते दिवसाला ८८.३६ पेसो होते. २०१९ मध्ये उत्तर सीमेच्या पट्ट्यात ते एका फटक्यात दुप्पट, १७६.७२ पेसो, केले गेले, आणि देशभरचे वेतनही पुढे दरवर्षी भरीव वाढत गेले. दहा वर्षांपूर्वी हा आढावा लिहिला असता तर कारखान्याच्या रस्त्याला मी फारच कमी गुण दिले असते.

शिक्षण आणि उद्योग बरोबरीने उभे केले तर काय होते, हे पाहायला मध्य मेक्सिकोतल्या केरेतारो राज्यात जावे. २००६ च्या सुमारास बॉम्बार्डियर या विमान कंपनीने तिथे विमानांचे भाग बनवण्याचे काम सुरू केले आणि २००७ मध्ये राज्याने विमाननिर्मितीचे तंत्रज्ञ घडवणारे सरकारी विद्यापीठ काढले. प्रशिक्षण कशाचे द्यायचे हे समोर दिसणाऱ्या नोकऱ्यांवरून ठरले. याउलट शेजारच्या ग्वानाह्वातोत सिलाओ येथे जनरल मोटर्स, तर २०१४ पासून सालामांका येथे माझदा आणि सेलाया येथे होंडा असे मोठे मोटार कारखाने आले, तरी परदेशातून येणाऱ्या पैशाच्या यादीत हे राज्य आजही आघाडीवर आहे. कारखाना राज्यात असणे आणि गावातून रोज बसने जाता येण्याजोगा असणे, यांत फार अंतर आहे.

तिसरा रस्ता हंगामी व्हिसाचा, आणि चर्चेत त्याचाच विसर पडतो. शेतीकामासाठीच्या एच-२ए व्हिसावर संख्येची मर्यादा नाही. २०२३ च्या आर्थिक वर्षात असे सुमारे ३ लाख १० हजार व्हिसा दिले गेले आणि त्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक मेक्सिकन मजुरांना. राहण्याची सोय आणि प्रवासखर्च कायद्याने मालकाकडे असतो, आणि दर ठरवून दिलेला असतो. २०२५ च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात तो तासाला १९.९७ डॉलर होता. शिक्षणाची अट नाही. बोचणारी गोष्ट अशी की मजूर त्या एका मालकाशी बांधलेला असतो, त्यामुळे तक्रार केली तर पुढच्या हंगामात बोलावणे येईलच याची खात्री नसते, आणि कायद्याने मनाई असूनही गावातले भरती करणारे दलाल पैसे उकळतात, म्हणून कित्येक जण कर्ज डोक्यावर घेऊनच निघतात. तरी हंगाम संपला की माणूस उजळ माथ्याने घरी येतो आणि पुन्हा जाऊ शकतो.

शिडीच्या वरच्या टोकालाही असेच एक दार आहे. मुक्त व्यापार कराराखाली सुरू झालेल्या आणि त्याच्या जागी आलेल्या करारातही टिकलेल्या टीएन व्हिसावर पदवीधर मेक्सिकन अभियंता नोकरीचे पत्र घेऊन जाऊ शकतो, आणि त्यावरही वार्षिक मर्यादा नाही. म्हणजे भाजी तोडणाऱ्याला दार आहे, अभियंत्याला दार आहे. प्रेपा झालेला गवंडी, आचारी किंवा गाड्या दुरुस्त करणारा मात्र बंद भिंतीसमोर उभा राहतो. त्याच्यासाठी असलेल्या बिगरशेती हंगामी एच-२बी व्हिसाची मूळ मर्यादा साऱ्या जगासाठी मिळून वर्षाला ६६,००० आहे, आणि अमेरिकी नागरिक भावाने अर्ज केला तर मेक्सिकन भावंडाला वीस वर्षांहून अधिक वाट पाहावी लागते. ज्या मधल्या पायरीवरून माणसे सर्वाधिक निघतात, कायदेशीर दार नेमके तिथेच नाही. शिक्षण आणि बेकायदा स्थलांतर यांचा खरा सांधा मला इथे दिसतो : जाण्याची ओढ वेतनातली तफावत लावते, आणि जाणारा कोणत्या दाराने जाईल हे बऱ्याच अंशी त्याची इयत्ता ठरवते.

चौथ्या रस्त्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. कोयोते, म्हणजे सीमापार नेणारा दलाल, हजारो डॉलर घेतो, आणि ती रक्कम बहुधा पलीकडचे नातेवाईक उसनी देतात. १९९३ मध्ये एल पासो आणि १९९४ मध्ये सॅन दिएगो येथे पहारा कडक झाल्यावर वाटा ॲरिझोनाच्या वाळवंटाकडे वळल्या, आणि तिथे उन्हाने व तहानेने हजारो माणसे मेली. ओलांडणे महाग झाल्याचा आणखी एक परिणाम झाला : पूर्वी हंगामापुरते जाऊन परतणारे पुरुष आता परतेनासे झाले आणि बायकामुलांना तिकडेच बोलावू लागले.

तरीही अमेरिकेतील कागदांविना राहणाऱ्या मेक्सिकनांची संख्या २००७ मधील ६९ लाखांवरून २०२२ पर्यंत सुमारे ४० लाखांवर आली. याचे श्रेय कोणी भिंतीला देतात, कोणी शाळांना. २००८ ची मंदी आणि कडक पहारा यांचा वाटा आहेच, पण मला सर्वांत दुर्लक्षित वाटते ते कारण घरातच आहे. १९७० च्या सुमारास मेक्सिकोत बाईला सरासरी जवळपास सात मुले होत. १९७४ च्या लोकसंख्या कायद्यानंतर ही संख्या उतरत गेली आणि आता ती दोनच्या खाली आहे. सहा भावांत वाटली जाणारी कोरडवाहू जमीन किमान तिघांना तरी बाहेर काढत असे. दोन भावांत तशी गरज उरत नाही, आणि दोघांनाही प्रेपापर्यंत पाठवणे आईबापांना झेपते.

मग निवड कशी करावी? प्रेपा आणि तिचे प्रमाणपत्र मागणारा कारखाना, दोन्ही बसच्या अंतरावर असतील, तर पहिला रस्ता धरून मग दुसरा, हा क्रम माझ्या मते सर्वांत भरवशाचा. दोन्ही दूर असतील आणि शेतीकाम अंगवळणी असेल, तर एच-२ए. धोरण आखणाऱ्याने नुसत्या शिष्यवृत्तीवर किंवा नुसत्या कारखान्यावर विसंबू नये. पैसा दोन्हींच्या जोडणीवर घालावा आणि वाटाघाटी मधल्या पायरीच्या व्हिसासाठी कराव्यात.

पहिले तीन रस्ते एकामागून एक घेता येतात, चौथा बाकीचे बंद करतो. १९९६ च्या अमेरिकी कायद्यानुसार १८० दिवसांहून अधिक काळ बेकायदा राहून बाहेर पडणाऱ्याला तीन वर्षे आणि वर्षभर किंवा अधिक राहिलेल्याला दहा वर्षे प्रवेशबंदी होते, आणि त्या काळात सर्वसाधारणपणे शेतमजुरीचा व्हिसाही मिळत नाही. ही मोजणी अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत सुरू होत नाही. त्यामुळे सोळाव्या वर्षी निघालेल्या मुलाला दोन वर्षे काहीच बिघडले नाही असे वाटत राहते, आणि अठराव्या वाढदिवसानंतर साधारण सहा महिन्यांनी, कोणी काही न कळवता, त्याची परतीची वाट बंद झालेली असते.