गोलकीपरच्या पासिंगसाठी रिबाउंडर: जाळी घ्यावी की फळी?

फुटबॉलमधल्या गोलकीपरच्या पायाच्या सरावासाठी रिबाउंडर, म्हणजे मारलेला चेंडू परत देणारी जाळी किंवा फळी, घ्यायचा असेल तर मोठ्या जाळीच्या मागे लागू नका. बुटकी, सपाट फळी घ्या, आणि जमलं तर दोन घ्या. जाळी हाताच्या सरावाला उत्तम आहे, पण खेळताना कीपरच्या पायाशी जसा चेंडू येतो, तसा ती देत नाही.

हा फरक एवढा महत्त्वाचा का, हे कीपरच्या आजच्या जागेवरून कळतं. 1992 साली सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला पास हातात घेण्यावर बंदी आली. 2019 पासून गोल किकचा, म्हणजे गोलसमोरून खेळ पुन्हा सुरू करणाऱ्या किकचा, चेंडू पेनल्टी बॉक्सच्या आतही आपल्या खेळाडूला घेता येतो. त्यामुळे आता दोन स्टॉपर (मधले बचावपटू) बॉक्सच्या दोन बाजूंना पांगतात आणि कीपर त्यांच्या मधला तिसरा माणूस होतो. समोरचा कीपर आपल्या गोलपाशीच असतो, म्हणजे चेंडू पुढे न्यायला आपले 11 आणि अडवायला त्यांचे 10. एक जण कुठेतरी मोकळा असणारच. त्याच्यापर्यंत चेंडू पोहोचेल की नाही, हे बहुतेक वेळा कीपरच्या पहिल्या टचवर ठरतं. तेव्हा रिबाउंडर जोखायची कसोटी सरळ आहे: जोरात, जमिनीलगत आणि थोडा तिरका येणारा चेंडू त्यावरून परत येतो का?

जाळीवर तो येत नाही. जमिनीलगत मारलेला पास जाळीत आत ओढला जातो, क्षणभर थांबतो आणि उशिरा, बऱ्याचदा गुडघ्याच्या उंचीला उडून परततो. कीपरला मग सवय लागते ती मऊ, उसळत्या चेंडूची. मधोमध मारलं तर एक वेग, कडेला मारलं तर दुसरा, आणि कोपऱ्यात मारलं तर दिशाही बदलते. खालच्या पाइपला चेंडू लागला की तो कुठेही उडतो, म्हणून जाळीच घ्यायची असेल तर त्या पाइपवर फोमचं वेष्टण आहे का ते बघा. आणखी दोन गोष्टी तपासा. जाळी ताणणारी इलॅस्टिक दोरी वापराने सैल पडते, तेव्हा ती सुटी बदलता यायला हवी. फ्रेमच्या सांध्यातली दाबायची बटनं गंजली की घडी होत नाही. कृत्रिम टर्फवर खुंट्या ठोकता येत नाहीत, तिथे मागच्या पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवाव्याच लागतात.

फळीचं गणित सोपं आहे. 5 नंबरच्या चेंडूचा व्यास साधारण 22 सेंटिमीटर असतो, त्यामुळे 30 ते 40 सेंटिमीटर उंची पुरते. बुटकेपणा हाच तिचा गुण. पास देताना अंग मागे झुकलं, तर चेंडू उचलला जातो आणि फळीवरून पलीकडे जातो. चूक तिथल्या तिथे कळते, कोचने ओरडायची गरज राहत नाही. लांबी मात्र 2 मीटरच्या आसपास हवी, नाहीतर तिरके पास बसत नाहीत. हलकी फळी प्रत्येक फटक्याला मागे सरकते आणि चेंडूचा जोर खाते, म्हणून वजन ठेवायला मागे जागा असलेलीच निवडा. प्लायवूडची फळी पावसात फुगते, पातळ प्लास्टिकची वाकते. चेंडूत हवा कमी असेल तर कोणतीही फळी मेलेला चेंडू परत देईल. नियमात 0.6 ते 1.1 अ‍ॅटमॉस्फिअर दाब चालतो. सरावाला मधला धरा आणि दर वेळी तोच ठेवा.

दोन फळ्या कीपरपासून 6 ते 7 मीटरवर, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, त्याच्याकडे तोंड करून तिरक्या लावा. डावीकडच्या फळीवर पास द्यायचा. परत येणारा चेंडू उजव्या पायाच्या आतल्या बाजूने, अंगासमोरून जाऊ देत घ्यायचा आणि तसाच उजवीकडे वळवायचा. पहिला टच पावलाभर पुढे पडायला हवा. तो पायाखाली अडकला की दुसरा पास घाईत जातो. टेकलेला पाय चेंडूच्या शेजारी वीतभर अंतरावर, बोटं लक्ष्याकडे, गुडघा सैल. चेंडू फळीकडे जात असतानाच कीपरने दुसऱ्या बाजूला एक नजर टाकायची. हेच सगळ्यात जास्त विसरलं जातं. प्रत्येक पायाने 10 पासचे 3 सेट पुरेत. थकलेल्या पायाने केलेले पुढचे सेट चुकीचीच सवय लावतात.

उभं राहायची जागाही ठरवून घ्या. गोल 7.32 मीटर रुंद आहे. परतीचा चेंडू खांबाच्या बाहेरच्या बाजूला घ्यायची सवय सरावातच लागली पाहिजे. तिथे टच चुकला, तर कॉर्नर जातो. गोलसमोर चुकला, तर गोल बसतो.

आता मर्यादा. फळी प्रेस करत नाही, म्हणजे चेंडू हिसकावायला अंगावर धावून येत नाही. स्ट्रायकर अंगावर येईपर्यंत चेंडू तळव्याखाली धरून थांबायचं आणि त्याने मागे सोडलेल्या जागेत पास द्यायचा, हा खेळ माणसाशिवाय शिकता येत नाही. निदान एक साथीदार दोन रंगांचे मार्कर घेऊन मागे उभा करा. चेंडू परत येत असताना त्याने एक रंग उंच करायचा आणि पास त्या बाजूला द्यायचा. लांब पासला तर फळीचा काहीच उपयोग नाही. ऑगस्ट 2018 मध्ये हडर्सफील्डविरुद्ध मँचेस्टर सिटीचा कीपर एडरसनने आपल्या बॉक्समधून थेट स्ट्रायकर अग्वेरोला दिलेला पास आणि त्यावर झालेला गोल आठवा. तसा पास मोकळ्या मैदानावर, पळणाऱ्या माणसाकडे मारूनच येतो.

या सरावाला वॉर्म-अपनंतरची 15 ते 20 मिनिटं द्या, त्याहून जास्त नको. 2016 मध्ये मँचेस्टर सिटीने आपला कीपर जो हार्टला तोरिनो क्लबला लोनवर पाठवून पायाने चांगला असलेला कीपर क्लाउदिओ ब्राव्हो आणला. तरी पहिल्याच मोसमात शॉट अडवण्यावरून त्याच्यावर टीका झाली आणि 2017 मध्ये बेनफिकाहून एडरसन आणावा लागला. पासिंग कितीही चांगलं असलं तरी कीपरची हातांची जबाबदारी कमी होत नाही, म्हणून उरलेला वेळ हातांचाच.

घेण्याआधी दुकानात किंवा मैदानावर 10 पास मारून बघा: 5 मधोमध, 5 कडेला, सगळे जमिनीलगत आणि नेहमीच्या जोराने. मधले आणि कडेचे चेंडू सारख्याच वेगाने परतले आणि फळी जागची हलली नाही, तर घ्या.