बार मित्स्वासाठी गासोत तेफिलिन संच: मखमली पिशवीला भुलू नका

तेफिलिन म्हणजे प्रार्थनेच्या वेळी ज्यू हाताला आणि डोक्याला पट्ट्यांनी बांधतात त्या चामड्याच्या दोन पेट्या, आत धर्मग्रंथातले उतारे. हा इस्राएलहून नाशिकला मागवलेला, सेफार्दी (स्पेनकडच्या ज्यूंच्या परंपरेतल्या) गाठीचा संच. मुलाला १३ वर्षं पूर्ण झाली, म्हणजे बार मित्स्वा झाला, की शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) आणि सण सोडून रोज सकाळी तेफिलिन बांधायचे, म्हणजे वस्तू वर्षानुवर्षं टिकायला हवी. त्या हिशेबाने पाचपैकी चार तारे.

पेट्यांचं काम देखणं आहे. गासोत म्हणजे गुराच्या जाड कातड्याची पेटी. स्वस्तातल्या पेशुतीम प्रकारच्या पेट्यांमध्ये तुकडे चिकटवलेले असतात. पावसाळी दमटपणात सांधा ढिला पडून चौकोन बिघडू शकतो, आणि चौकोन गेला की तेफिलिन बाद. म्हणून पेटीच्या आणि शिवणीच्याही चारही बाजू, दोन्ही कर्ण मोजून घ्या. या संचात सगळं जुळतं. शिवण स्नायूच्या तातीची, १२ भोकांतून घट्ट ओढलेली. डोक्याच्या पेटीवरचे शीन (हिब्रू अक्षर), घालणाऱ्याच्या उजवीकडे तीन फाट्यांचा आणि डावीकडे चार फाट्यांचा, अगदी ठळक.

खरा पैसा मात्र आतल्या चर्मपत्रांचा. तोरा या ज्यू धर्मग्रंथातल्या ‘निर्गम’ पुस्तकाच्या १३ व्या अध्यायातले दोन उतारे, ‘अनुवाद’ पुस्तकाच्या ६ व्या आणि ११ व्या अध्यायातला एकेक. हाताच्या पेटीत चारही एकाच चर्मपत्रावर, डोक्याच्या पेटीत चार वेगळ्यांवर. अक्षरं क्रमानेच लिहावी लागतात. मागे राहिलेलं अक्षर नंतर घुसवता येत नाही, अख्खं चर्मपत्र फुकट जातं. त्यामुळे संगणकाची आणि सोफेरच्या (धर्मग्रंथ हाताने लिहिणाऱ्या लेखकाच्या) नजरेची, अशा दोन्ही तपासण्यांचा दाखला मागाच. इथे तो सोबत येतो.

तारा कापला तो पट्ट्यांमुळे. हाताचा पट्टा जिथे सरकून आवळला जातो, तिथेच काळा रंग तडकतो. तेफिलिनसाठीची कोशेर (धर्मनियमांनुसार चालणारी) काळी शाई सोबतच मागवा. पट्टा तुटला तर मेन रोडवरच्या कारागिराकडून शिवून घेऊ नका, त्याचा हात कितीही सफाईदार असो. पट्ट्याचं कातडं याच मित्स्वाच्या (धर्माज्ञेच्या) हेतूने कमावलेलं लागतं, आणि सांधलेला पट्टा चालेल का हे जाणकारालाच विचारावं.

बार मित्स्वाचा तोरा वाचायला ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनास्थळात) जाणार असाल तर सोमवार किंवा गुरुवार धरा. त्या दिवशी तोराही वाचतात आणि तेफिलिनही बांधतात. शनिवारी तेफिलिन नाहीत. वाटेत उन्हात बंद गाडीत संच ठेवू नका, कातडं वाकतं.

डोक्याची पेटी कपाळावर उतरता कामा नये, ती केसांच्या रेषेच्या वर हवी. म्हणून मागवताना डोक्याचा घेर कळवा. मुलगा डावखुरा असेल तर तेही आधीच लिहा: तो उजव्या हाताला बांधतो आणि गाठ उलटी लागते.