टायटनफॉल २ की प्रे?
फोंड्यात पावसाळ्यात वीज गेली की टायटनफॉल २ हा व्हिडिओ गेम मागच्या चेकपॉइंटवर, म्हणजे खेळ आपोआप सेव्ह झालेल्या ठिकाणी, नेऊन टाकतो. प्रे या दुसऱ्या गेममध्ये हवं तिथे सेव्ह करता येतं. पण माझा जीव प्रेवर जडला तो ग्लू कॅननमुळे. ही बंदूक पांढरा फेस फेकते, तो लगेच घट्ट होतो. शत्रू जागीच थिजतो, फुटलेल्या पाइपातली आग विझते. भिंतीवर एकावर एक गोळे चिकटवले की पायऱ्याच तयार! कुलूपबंद दार सोडून मी अशीच वरच्या मजल्यावर चढले.

२०१६चा टायटनफॉल २ वेगात भन्नाट, भिंतींवरून धावणं तर काय सांगू! मनगटावरच्या यंत्राने क्षणात भूतकाळात जायची ती मोहीम अफाटच, पण ती युक्ती तेवढ्यापुरतीच. २०१७च्या प्रेमध्ये मात्र कपाचं रूप घेऊन फटीतून घरंगळत आतही शिरता येतं.