वेल काढणारी जोडी: काम चोख, पण मिरीला फडकं बांधून ठेवा

जांबोटी रस्त्याला आमची वडिलांच्या वेळची थोडी जागा आहे. दोन आंबे, एक बरका फणस आणि कुंपणाला नऊ सुपाऱ्या. मी राहतो बेळगावात, वडगावला. महिन्याकाठी एक फेरी होते, पावसाळ्यात तीही नाही. गेल्या दिवाळीनंतर गेलो, तर मोठ्या आंब्याचं खोडच दिसेना. सगळा मनीप्लांट. हॉलमधल्या बाटलीत ज्याचं पान दोन बोटांचं असतं, तोच वेल झाडावर चढला की पान सुपाएवढं होतं, फाटतं आणि आंब्याची पानं खाली झाकून टाकतं. धाकट्या आंब्यावर गुळवेल. ती मीच लावलेली. 2020 साली सगळे काढा पीत होते, तेव्हा कुणी तरी वीतभर कांडं दिलं आणि मी हौसेनं मुळाशी खोचलं.

आधी स्वतः करून बघितलं. ऑनलाइन लांब दांड्याची करवत मागवली. दांडा पूर्ण ओढला की टोक उसाच्या शेंड्यासारखं डुलतं, पातं वेलात अडकतं. शेवटी हातानं वेल ओढला, तर आंब्याची पसाभर साल आणि एक वाळकी फांदी दोन्ही खाली आली. फांदी खांद्याच्या बाजूनं गेली म्हणून हे लिहायला बसलोय.

मग गावातल्या चहाच्या टपरीवाल्यानं ही दोन माणसं सांगितली. एक पन्नाशीचे, दुसरा त्यांचा भाचा. फोन संध्याकाळी लागत नाही, निरोप टपरीवरच ठेवायचा. ठरल्या दिवशी सकाळी साडेसातला हजर. कमरेला मागे लाकडी आकडीत कोयता, जाड सोल म्हणजे दोर, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हाताला खोबरेल तेल. मनीप्लांटच्या चिकानं अंगाला खाज सुटते, त्यासाठी.

मामा अर्धा तास नुसते झाडांभोवती फिरले. फणसावरचा वेल विजेच्या तारेपर्यंत गेला होता. तिथं हात लावणार नाही म्हणाले. हेस्कॉम या वीज कंपनीच्या लाइनमनला सांगून लाइन बंद करवली, मगच चढले. मोठ्या आंब्याला मात्र चढलेच नाहीत. घोट्याइतक्या उंचीवर एक छाट, छातीपाशी दुसरी, खोडाला वळसा घालत, मधला तुकडा काढून बाजूला. आंब्याच्या सालीवर कोयत्याची एक खूण नाही. आणि म्हणाले, झालं.

"आणि वरचं?"

"वाळू दे की ओ. आत्ता ओढलं तर साल घेऊनच येतंय. दोन महिन्यांनी येतो."

बोलीचे 3200, त्यातले निम्मे घेतले आणि गेले. शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "काय ओ, पैसे देऊन वेल तिथंच?" मलाही तसंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

गुळवेलीचं काम त्याच दिवशी पुरं केलं, आणि ते का हे ऐकण्यासारखं आहे. आदल्या वर्षी मी ती बुडातून तोडली होती आणि विसरून गेलो होतो. वरच्या कांड्यातून सुतळीसारखी मुळं हवेतून खाली उतरली, जमिनीला टेकली आणि वेल पुन्हा हिरवी. कन्नडमध्ये तिला अमृतबळ्ळी म्हणतात ते उगीच नाही. भाच्यानं वर चढून सगळ्या सुतळ्या कापल्या आणि अंगठ्याएवढं जाड कांडं वेटोळं करून खाली सोडलं. तांबड्या मुंग्यांनी त्याला फोडून काढलं. तो शिव्या मुंग्यांना देत होता की मला, ते कळलं नाही.

जानेवारीत सांगितल्या आठवड्यात परत आले. मनीप्लांट वाळून जुन्या चऱ्हाटासारखा झाला होता, ओढला की सुटत होता. सावलीच्या बाजूला मुळांनी खोडाला धरलेले काही तुकडे अजून हिरवे होते, ते हातानं एकेक सोलून घेतले. सगळं पोत्यात भरून कातळावर उन्हात पसरलं. खतखड्ड्यात टाकू दिलं नाही, कारण एका पेरातूनही तो पुन्हा फुटतो. आंब्याच्या उघड्या पडलेल्या बाजूला थोडा मोहोर होता. खोडावर मुळांच्या खुणा राहिल्यात, त्या खरवडू नका म्हणाले.

आता तक्रार. तिसऱ्या सुपारीवर आईनं लावलेली मिरी होती, अकरा वर्षांची. पान दुरून मनीप्लांटसारखंच दिसतं. पहिल्याच दिवशी भाच्यानं एका घावात तिला खालून तोडली. मी त्या वेळी लाइनमनशी बोलत होतो. मामांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांचं तोंड उतरलं. दोनशे रुपये कमी घेतले, पण अकरा वर्षांचे दोनशे रुपये होतात का? चूक माझीही: काय ठेवायचं ते आधी दाखवलं नाही. तुम्ही बोलावलंत तर ठेवायच्या वेलाला लाल फडकं बांधा आणि पहिला तासभर सोबत फिरा. पाचपैकी चार तारे, पाचवा मिरीपाशी गेला.

जेवण आपल्याकडून, पेट्रोलचे वर दोनशे. बिल-पावती मागू नका, नाही. पावसाळ्यात ओल्या खोडावर चढत नाहीत, म्हणून दिवाळीनंतर लगेच निरोप टाकलेला बरा.

तोडलेल्या मिरीची तीन-तीन पेरांची सहा कांडी मामांनी त्याच दिवशी माझ्याकडून दुधाच्या रिकाम्या पिशव्या मागून मातीत लावली होती. मी ती वडगावला आणून न्हाणीघराबाहेर सावलीत ठेवली. दोन कुजली. दोघींना कोंब आलाय. उरलेल्या दोन नुसत्याच हिरव्या आहेत, टाकून द्यायला मन होत नाही.